वहीतली वद्य दशमी

सर, परवा तुमचा एक विद्यार्थी माझ्या दुकानात येऊन गेला, म्हणून लिहायला बसलोय. नाहीतर तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, मी बसलो नव्हतो.

चंद्रपूरहून मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं बांबूच्या खुर्च्या-पलंगांचं दुकान आहे. तिसऱ्या वर्षात नागपूरचं आर्किटेक्चर कॉलेज सोडलेल्या माणसाचं एवढं झालं, बरंच झालं म्हणायचं. मी तुम्हाला आठवत असेन तर तापट म्हणूनच. माझ्या पहिल्या नकाशात पश्चिमेला अख्खी काचेची भिंत होती. मे महिन्यात तुम्ही मला नकाशासकट चंद्रपूरला नेलंत आणि भर दुपारी एका इमारतीत तशाच काचेला टेकवून बसवलंत. "बस. हे तुझंच घर." दहा मिनिटांत मी उठलो, तर म्हणालात, "तू उठलास. राहणाऱ्यानं कुठं जायचं?" मी तिथंच नकाशा फाडला. तुम्ही तुकडे वेचून खिशात ठेवलेत. तरुणपणी नागपुरात तुम्हीही अशाच इमारती बांधल्यात, नाव कमावलंत, आणि पन्नाशीत ते सोडून आम्हाला जंगलातल्या घरांची मापं घ्यायला आणू लागलात, हे मला पुढे कळलं. तेव्हा नुसता राग यायचा.

मग तुम्ही बांधायला घेतलेली पोंभुर्ण्याकडची ती एका खोलीची शाळा. मातीच्या भिंती, बांबूचं छप्पर. ती टिकली तर तशा आणखी बांधू द्यायचं वरच्या साहेबांनी कबूल केलं होतं. तुमचा सगळा जीव त्या खोलीत होता. गावातला बांबूकाम करणारा म्हातारा बुरड सांगायचा, बांबू अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायचा, म्हणजे किडा लागत नाही. तुम्ही हसला नाहीत. "खरं की खोटं, करून बघू," म्हणालात. सुट्टीत मला तिथं नेमलंत आणि तुमची कापडी बांधणीची वही हातात दिलीत. "बांबू तोडल्याची तिथी लिहीत जा. काय केलं ते लिही. काय करायला हवं होतं, ते नको."

अर्धं छप्पर झालं आणि नागपूरहून मित्राचा निरोप आला, वर्गातल्या त्या मुलीला रविवारी पाहुणे बघायला येणार. कोण मुलगी, ते तुम्हाला ठाऊक होतं. सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. मी म्हाताऱ्याला म्हणालो, उरलेला बांबू आजच तोडायचा.

"आठ दिवस थांबा ना भाऊ. पुनव सरू द्या. आता बांबूत गोडी भरून हाये, किड्याले तेच पायजे."

"मले नाई थांबता येत."

"काऊन? नागपूरले पोरगी वाट पाहून राह्यली का?"

माती तुडवणाऱ्या बाया हसल्या. तो गंमत करत होता आणि नेमका खरं बोलला होता. माझं डोकं फिरलं. "आर्किटेक्चर मी शिकून राह्यलो का तुमी? तोडा म्हणलं ना!" त्यानं एकदा आभाळाकडे पाहिलं, कोयता उचलला. ती शुद्ध एकादशी होती. वहीत आधीच्या पंधरवड्यातलं एक पान कोरं राहिलं होतं, त्यावर मी लिहिलं: वद्य दशमी, उरलेला बांबू तोडला.

नागपुरात ती फाटकाशी आली आणि म्हणाली, "तू इथं कसा?" तिनं मला बोलावलंच नव्हतं, सर. बघायला आलेला मुलगा तिला आवडला होता. मी ना शाळेवर परतलो, ना कॉलेजात.

पुढच्या उन्हाळ्यात पोरांच्या पाट्यांवर छपरातून किड्यानं पोखरलेल्या बांबूची पिवळी भुकटी पडायला लागली. तुम्ही येऊन वही उघडलीत. तिथी बरोबर होती. मग गावापुढे हात जोडलेत, "चूक माझी. मी पारखून घ्यायला हवं होतं." छप्पर उतरलं, पत्र्याच्या टिना आल्या, तशी दुसरी शाळा काही झाली नाही. हे मला म्हाताऱ्यानंच सांगितलं, मी पोट भरायला त्याच्याकडे काम शिकायला गेलो तेव्हा. तुम्ही त्याला एकांतात विचारलंत म्हणे, "बांबू अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडला ना?"

"मंग तुमी काय म्हणलं?" मी विचारलं.

"हो म्हणलं."

"काऊन?"

"वहीत लिवलं होतं भाऊ. वहीपुढं माह्यं कोन आयकते?" आणि बांबूची कामटी सोलत राहिला.

तेव्हा तुम्ही हयात होतात. नागपूर काही लांब नव्हतं. उद्या जाऊ म्हणत राहिलो, आणि एक दिवस पेपरात तुमचा फोटो आला.

परवाचा तो विद्यार्थी आता तुमच्याच कॉलेजात शिकवतो. माझ्या बांबूच्या मोळ्यांवर खडूनं लिहिलेल्या तिथ्या बघून हसला. "काका, तुम्हीही हे मानता? आमच्या सरांनी करून पाहिलं होतं. वही आणून दाखवायचे वर्गात. म्हातारा प्रामाणिक होता, म्हणायचे, पण त्याचा समज चुकीचा निघाला. मीही पोरांना तेच सांगतो."

मी त्याला चहा पाजला. मान हलवली. म्हातारा जाऊनही आता चार वर्षं झाली.

जाताना त्यानं कार्ड दिलं. ते टेबलाच्या काचेखाली आहे, आत्ता या कागदाच्या शेजारीच. त्यावर पत्ता आहे, फोन आहे. हे सगळं त्याला लिहायला हवं, मला कळतं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, सर, म्हणून तुम्हाला लिहितोय.