डबीचे ब्रेक

ता. ९, रविवार

बाबा,

तुम्हा दोघांना नमस्कार. आणि ब्रेकला काहीही झालेलं नाही. फोनवर हेच सांगायला लागलो तर तुम्ही ‘थांब, आईशी बोल’ म्हणून सुटलात, म्हणून आता कागदावर सांगतो. मागल्या खेपेला आलो होतो तेव्हा पुढची दोन्ही चाकं उतरवून नवे पॅड मी या हातांनी बसवले. तुम्ही स्टुलावर बसून ‘नट नीट आवळ, तुझं लक्ष कायम भलतीकडे’ म्हणत होतात. ते पॅड इतक्यात झिजत नसतात. आणि तुम्ही कळवता की ब्रेक उशिरा लागला म्हणून आईला कामावर सोडताना तिच्या लाँड्रीच्या फाटकाला बंपर घासला.

आपल्या डबीसारख्या अठरा वर्षांच्या गाडीला खरी दुखणी काय कमी असतात? रेडिएटरचा पाइप गळतो, डबी म्हशीसारखी पाणी पिते. क्लच तर तुम्ही पाय टेकवून ठेवून ठेवूनच जाळलात. खाली तेल ठिबकतं म्हणून डबा लावून ठेवावा लागतो. थंडीत बॅटरी रुसते. त्यावर खर्च करा, मी चकार शब्द काढणार नाही. विमा आहे, टायर आहेत. अजून दोन गाड्या आल्या असत्या इतकं तिच्या पोटात घातलंय आपण. हत्ती पाळला असता तर निदान पोरं बघायला तरी आली असती.

पण यंदा पैसे कुठे गेले ते मी जेवणाच्या सुट्टीत बसून जुळवत होतो. हेडलाइट मिणमिणतात म्हणून बल्ब बदलले. महिन्याने परत बदलले. काच धुरकट झाली म्हणून वायपरची रबरं नवी. तरी धुरकटच, म्हणून काचेला पॉलिश. मागून येणाऱ्या गाडीचा उजेड फुटल्यासारखा पसरतो म्हणून आरसा नवा. मीटरचे आकडे दिसत नाहीत म्हणून आतला दिवा नवा. आणि आता ब्रेक.

इथलं म्हणाल तर ठीक चाललंय. दिवसभर सामान वाहणाऱ्या व्हॅनच्या खाली उताणा पडलेला असतो, तेल कॉलरमध्ये गळतं. मुकादमाला आम्ही शिट्टी म्हणतो, कारण तो बोलतच नाही, नुसती शिट्टी मारतो आणि बोट दाखवतो. खोलीत चौघं आहोत, त्यातले तिघं घोरतात. मन कधीच उडालंय, पण टिकलोय. ‘याचं बूड एका जागी टिकत नाही’ असं तुम्ही सगळ्यांना सांगत असता ना, त्यांना हेही सांगा. कंटाळा आलाय असं नाही, दमलोय. दोन्हींतला फरक मला इथे येऊन कळला.

तर मी उस्तादला फोन केला. कोपऱ्यावर गॅरेज आहे म्हणून तुम्ही डबी त्याच्याकडे नेता, आणि त्याच्याकडेच मी शाळा सोडून पाने उचलायला लागलो होतो. म्हटलं, ‘काय उस्ताद, माझ्या बापाला लुटताय का?’ तो आधी हसला. मग म्हणाला, ‘दिव्यांना काही झालेलं नाही रे. काढलेले बल्ब माझ्याच टेम्पोत झकास जळतायत. पण तो म्हणतो बदल, मी बदलतो. मोठा माणूस आहे, त्याच्या तोंडावर काय सांगू?’ मी फोन ठेवायला लागलो. तर म्हणाला, ‘आणि एक बोलू? नोटा देताना तो त्या बोटांनी चाचपून देतो.’

बाबा, तुमचं मागचं पत्र आईच्या अक्षरात होतं. हाताला ग्रीस लागलंय म्हणे. ग्रीस साबणाने जातं.

म्हणजे हेही आईच वाचून दाखवत असणार. आई, जरा दम घे, पाणी पी, आणि पुढचं न गाळता वाच. गेल्या आठवड्यात तू मला गाडीतून फोन केलास. मी पगाराचं सांगत होतो आणि तू मधेच म्हणालीस, ‘अहो, सायकल आहे. थांबा. आता घ्या. अजून थोडं.’ मला वाटलं, नेहमीची शिकवणी चाललीय. फोन ठेवल्यावर हसलोसुद्धा. मग बंपरचं कळलं आणि हसू गेलं. तुला स्टिअरिंग धरता येत नाही आणि रोज सकाळी गाडी तूच चालवतेस.

फाटक लोखंडाचं आहे, त्याचं मला काही नाही. पण उस्ताद म्हणाला, बंपर डाव्या बाजूने आत गेलाय. डावीकडे आई बसते, बाबा.

मोतीबिंदू अजून पिकला नाही, हे तुमचं वाक्य मी किती दिवस ऐकतोय. तुम्हाला ऑपरेशनची भीती नाही, हे मला ठाऊक आहे. गाडी चालवणं जमत नाही असं एकदा तोंडातून गेलं की घरात बसायला लागेल, आणि तुम्हाला बसणं कधी जमलंय? हा पोरगा कोणावर गेलाय, असं तुम्ही आईला विचारत असता. घ्या उत्तर.

आता ऐका. किल्ली उस्तादकडे द्यायची. त्याच्याशी बोललोय, तो अधूनमधून डबी चालू करून ठेवेल, म्हणजे बॅटरी बसणार नाही. आई तोवर बसने जाईल. गाडी विका असं मी म्हणालो होतो ते सोडून द्या, विकायची नाही. ऑपरेशन होऊन डोळ्याची पट्टी निघाली की किल्ली तुमची. मग खुशाल माझ्या कामात खोट काढा, नट दाखवा, काय ते करा.

एवढंच राहिलं. पुढल्या महिन्यात येणार होतो ते आता जमणार नाही. आई, तू माझी गादी उन्हात टाकली असशील, ती आत घे. सुट्टी मी परत केली आणि तिकीटही. शिट्टीला म्हटलं, रविवारीही येतो. त्याने शिट्टी वाजवली, म्हणजे हो.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी तिथे असेन. दवाखान्यात डबीतूनच नेईन, आणि तुम्ही शेजारी बसून ‘लक्ष कुठाय तुझं’ म्हणायचं.

तुमचा,
लक्ष भलतीकडे असलेला

सोबत पैसे पाठवतोय. यातला एक रुपयाही ब्रेकला लागता कामा नये. एका डोळ्याचे, बावीस हजार.