फाटकापलीकडच्या दादास

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार गाडीत बसूनच केला आहे. बाहेर आडवं व्हायला जागा नाही. पुढे दूधवाल्याची मोटारसायकल आहे नि मागे सिमेंटचा ट्रक.) तुझी प्रकृती उत्तम असेलच. वहिनींचे गुडघे काय म्हणतात? मुलांना आशीर्वाद. इकडे आम्ही फाटक बंद असताना जसे असतो तसेच आहोत, आणि फाटक उघडल्यावरही फारसे हलत नाही. आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू आहे. ती तुझी आठवण काढते. हे वाक्य मी मागच्या सगळ्या पत्रांत लिहिलं होतं, तरी सवयीनं पुन्हा लिहितो.

पत्रास कारण म्हणजे तुझा परवाचा फोन. शुक्रवारी तू आईला भेटायला निघाला होतास, थेट फाटकापर्यंत आला होतास, पण ते मेलं फाटक काही उघडेना, आणि तुझी संध्याकाळची मीटिंग होती, म्हणून तुला नाइलाजानं माघारी जावं लागलं, हे तू सांगितलंस. ऐकून वाईट वाटलं. ‘तुमचं गाव काही सुधारायचं नाही,’ असंही म्हणालास. (तुमचं! तुझा जन्म याच गावातला, याच आईच्या पोटी झालेला आहे. ती मला म्हणाली म्हणून आठवण करून दिली.) फोनवरच उत्तर दिलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात मधे बोलायची सोय नाही, म्हणून हा मार्ग पत्करला. हे पत्र एका बैठकीत लिहिलेलं नाही आणि एका फाटकातही नाही, तेव्हा अक्षर मधूनमधून बदललं तर समजून घे.

रुळांच्या पलीकडे, म्हणजे आत्ता जिथे आमचं घर आहे तिथे, जागा घ्या असं तूच म्हणाला होतास. बाबांना नकाशावर बोट ठेवून दाखवलंस, की गाव आता याच अंगानं वाढणार आणि पूल तर होणारच आहे. गाव वाढलं. तुझं बोट चुकलं नव्हतं. शाळा आल्या, चारमजली इमारती आल्या, प्रत्येक इमारतीत घराघरात दोन गाड्या आल्या. पूलही आला, पण दोन्ही टोकांचाच आला. इकडे खांब उभे आहेत, तिकडे खांब उभे आहेत, मधला तुकडा रेल्वेचा आहे आणि तो कुणी करायचा यावर दोन खाती एकमेकांना पत्रं लिहीत असतात. (आपल्यासारखीच. त्यांनाही उत्तरं येत नाहीत.) हॉस्पिटल रुळांच्या त्या बाजूला, माझं चष्म्याचं दुकान त्या बाजूला, आणि आई या बाजूला, असा सगळा मांड आहे.

तू सुचवलंस की घरातून लवकर निघत जा. हा उपाय आमच्या गावात सगळ्यांनाच सुचला. आता सगळेच लवकर निघतात, त्यामुळे खोळंबाही लवकर सुरू होतो. त्यात आमची एक खासियत आहे. फाटक पडलं रे पडलं, की डाव्या बाजूनं रांग लावायची सोडून आम्ही अख्खा रस्ता भरून टाकतो, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पलीकडचेही तेच करतात. मग फाटक उघडतं आणि दोन फौजा रुळांच्या मधोमध एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभ्या राहतात. कुणी मागे घ्यायचं? मागे घ्यायला मागे जागा असावी लागते. शेवटी फाटकवाला शिट्टी फुंकून फुंकून दमतो, तोवर पुढच्या गाडीची वेळ होते आणि सगळे पुन्हा आपापल्या जागी. मीही हेच करतो. आई शेजारी बसलेली असताना मला सभ्यपणा परवडत नाही.

कारण हॉस्पिटलातलं मशीन थांबत नाही. आईच्या मागोमाग दुसऱ्या कुणाची पाळी असते. आपण उशिरा पोचलो की सिस्टर काही रागावत नाहीत, फक्त तेवढा वेळ कापून टाकतात. कापलेला वेळ मग आईच्या पायांवर दिसतो. पाय सुजले की चपला चढत नाहीत, मग ती माझे बूट घालून जाते. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की असं वरचेवर अर्धवट झालं तर फार दिवस निभणार नाही, तुम्हांला समजतंय ना? मी म्हटलं, समजतंय, फाटकाला समजत नाही. ते हसले नाहीत. तू तरी हसशील म्हणून लिहिलं.

या सगळ्यावर गावानं एक तोड काढली आहे. तिची तुला कल्पना नसेल, म्हणून खुलाशानं लिहितो. समोरच्या गर्दीत ओळखीचा माणूस दिसला, की खाली उतरायचं, आडव्या दांड्याखालून वाकून पलीकडे जायचं आणि किल्ल्या बदलायच्या. त्याची गाडी मी वळवून माझ्या वाटेनं नेतो, माझी तो वळवून त्याच्या वाटेनं नेतो, आणि संध्याकाळी ज्याची त्याला. सगळं गाव असंच चालतं. मी एकदा अंडीवाल्याची टेंपो-रिक्षा दुकानाशी लावली होती, तर दोन गिऱ्हाइकं चष्म्याऐवजी अंडी घेऊन गेली. आमच्या शेजारच्या मास्तरांनी पूर्ण आठवडा न्हाव्याची स्कूटर वापरली, कारण दोघांची पुन्हा समोरासमोर गाठच पडेना.

तर झालं असं. गेल्या महिन्यातल्या एका सोमवारी आईला घेऊन हॉस्पिटलातून परत येत होतो. डायलिसिसनंतर ती अगदी गळून जाते, म्हणून मागच्या सीटवर शाल पांघरून आडवी झाली होती. फाटक बंद. पलीकडे जनावरांचे डॉक्टर उभे. मी उतरलो, आणि नेमका तुझा फोन आला. त्या महिन्यात कसं जमणार नाही हे तू सविस्तर सांगत होतास. एका कानाशी तू, दुसऱ्या हातात किल्ल्या. हो हो म्हणत मी दांड्याखालून गेलो, किल्ल्या बदलल्या, त्यांच्या गाडीत बसलो नि घरी आलो. दारात हिनं विचारलं, ‘आई कुठायत?’ (चूक माझी, कबूल. पण फोन तुझा होता.)

तशीच गाडी वळवून फाटकाकडे पिटाळली. तिकडे जनावरांचे डॉक्टर दवाखान्याशी पोचले, तोवर मागून आवाज आला, ‘उघडलं का रे फाटक?’ त्या भल्या माणसानं गाडी कुंपणात घालायचीच बाकी ठेवली. मग आईला हाताला धरून आत नेलं, कुत्र्यामांजरांच्या रांगेत खुर्ची दिली, पाणी दिलं. मला फाटकानं दिवेलागणीपर्यंत अडकवलं. पोचलो तर आई एका आजारी कुत्र्याच्या मालकिणीला पथ्यपाणी समजावत होती. तिला वाटलं होतं, की हॉस्पिटल बदललं. हा डॉक्टर बरा आहे म्हणाली, कसं वाटतंय विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबतोही. आता ती म्हणते, आपण यांच्याकडेच जात जाऊ.

हे सगळं वाचून तुला वाटेल, की मी तुझ्यावर राग धरून लिहितोय. तसं मुळीच नाही. राग फाटकावर आहे. तू काय, तू तर फाटकापर्यंत येतोस. वहिनींना नमस्कार सांग. पुढे हालचाल दिसतेय, सिमेंटवाला हॉर्न वाजवतोय, थांबतो.

तुझा,
धाकटा

ता.क. मूळ काम लिहायचं राहिलंच. आईला तुझ्याकडे ने, असं मी म्हणत नाही. (म्हटलं होतं, तेव्हा तुमच्याकडे रंगकाम निघालं.) फक्त एकदा ये. आणि गाडीनं येऊ नकोस, रेल्वेनं ये. फाटक बंद होतं ते आमच्यासाठी. आतल्या माणसाला ते लागत नाही. स्टेशन आता आमच्या बाजूला उघडतं, घर चालत हाकेच्या अंतरावर आहे. तू येशील तेव्हा अख्खं गाव दोन्हीकडे हात जोडून उभं असेल, तुझी गाडी मधून सुखरूप जाईल.

आणखी एक. शुक्रवारी आम्हीही फाटकावरच होतो. तुझ्या बरोबर समोर, पहिलीच गाडी. तू खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभा होतास, बाबा उभे राहायचे तसा, म्हणून आईनं तुला माझ्या आधी ओळखलं. मी हॉर्न वाजवणार होतो, तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, उघडलं की आपणहून येईल. केस सारखे केले, शाल नीट घेतली. मालगाडी गेली, दांडा वर झाला, आणि तू गाडीत बसून गाडी वळवायला लागलास. आमचे लोक एरवी कुणाला बोटभर जागा देत नाहीत, पण तुला वळायला दिली. हॉस्पिटल येईपर्यंत आईनं शाल काढून तिची घडी करून ठेवली. उतरताना एवढंच म्हणाली, की दादाला लिही, फाटक बंदच होतं. म्हणून लिहितो. फाटक बंदच होतं.