कोपऱ्यातल्या झाडाचं नाव

४ जुलै १९८३

रान! इथे सगळंच रान! बागेत गुडघाभर काय काय माजलंय, आणि केरू गडी म्हणतो, "ता रान, बाई." अरे, पण कुठलं? भिकाजीकडून बाग घेतली तेव्हा तो म्हणाला होता, सगळं लावलेलं आहे. लावलंय देवाने! व्यवहार उरकला आणि स्वारी मुंबईला पसार.

बत्तीस वर्षं कऱ्हाडला मुलांना मराठी शिकवलं. जे आपलं, त्याचं नाव ठाऊक नाही, हे मला चालत नाही. डालड्याचे डबे कापून पाट्या केल्या. प्रत्येक झाडाला पाटी लागणार!

६ जुलै

टाकळा, कुर्डू, दिंडा, भारंगी, रानमोडी. पाच पाट्या झाल्या. टाकळा उपटून फेकला, तर भिकाजीची आई सगुणाबाई दगडी कुंपणाचा गडगा ओलांडून थेट आत! "भाजी टाकलीत वो!" म्हणाली आणि ओटीत भरून घेऊन गेली. बाग विकून झाली, तरी ही दिराच्या घरातून रोज इथे हजर. विचारणं नाही, सवरणं नाही! केरू वर मलाच हसतो – "बाई, तुमी झाडांची नावां लिवताय, की आमाला नावां ठेवताय?"

९ जुलै

मागच्या कोपऱ्यात एक काटेरी झुडूप आहे. बुंध्याभोवती दगड रचलेले. बोटभर काटे! नेमका तिथेच संडास बांधायचाय, बाकी सगळा कातळ. खणता येईल अशी माती तेवढीच.

केरूला नाव विचारलं, तर तो कुदळ उचलून पुढे गेला. सगुणाबाईला विचारलं. तिकडे बघत म्हणाली, "तेचा नाव ठेवलेला नाय."

तेचा नाव! नपुंसकलिंग गेलं खड्ड्यात. आणि झाडाचं नाव काय घरोघरी ठेवतात? ठाऊक नाही म्हणा ना सरळ!

१२ जुलै

केरू त्याला कोयता लावायला तयार नाही. "दुसरा कुठलापण सांगा." मालकीण मी, की सगुणाबाई?

१५ जुलै

दूधवाली मथुराही आज तेच – "तिकडे बांधू नका." का? "असाच." भूतबीत आहे का? "छ्या!" मग काय? तर दुधाची किटली उचलून चालती झाली.

अख्खी वाडी एका झुडपासाठी एक झाली आहे. सगुणाबाई संध्याकाळी गडग्याला हात टेकून उभी असते. मी बघितलं की मान फिरवते. मला परकी ठरवलंय सगळ्यांनी. संताप येतो, आणि वाईटही वाटतं. इथे तरी कबूल करते.

२३ जुलै

देवरूखच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना फांदी पाठवली होती. उत्तर आलं. गेळ! साधा गेळ! काट्यांमुळे जनावर फिरकत नाही म्हणून कुंपणाला लावतात. म्हणजे इथल्या शेंबड्या पोरालाही नाव ठाऊक असणार! मग माझ्यापासून लपवायचं कशाला? मला वेड्यात काढायला!

पालीच्या गवंड्याला निरोप धाडला. मंगळवारी खणायला ये म्हणून.

२५ जुलै

मीच कोयता घेतला. अर्धं झुडूप तोडलं. हात कोपरापर्यंत ओरबाडले. मथुरा आत न येता दूध फाटकाशीच ठेवून गेली. नाही तर नाही!

२६ जुलै

सकाळी गवंडी आला, तर सगुणाबाई त्या दगडांवर बसलेली. उठेना. मी ओरडले, "गेळ आहे तो, गेळ! नाव आहे त्याला!"

ती म्हणाली, "झाडाचा नाव मला म्हायत हाय, बाई. खाली हाय ना, तेचा ठेवलेला नाय. आठव्या दिवशी गेला. बारसाच झाला नाय. कोल्हे उकरतील म्हणून वर काटे लावले."

गवंड्याला परत पाठवलं. तिच्या शेजारी खाली बसले. मुलगा होता की मुलगी, ते विचारायला तोंड उरलं नाही.