बुटाएवढं अंतर

हार्लो, साउथ डाकोटा
३० मे २०१९, गुरुवार

प्रिय मार्नी,

तुला आणि मुलांना आत्याचे आशीर्वाद. तुमच्या टूसॉनला आता भट्टी पेटली असेल, इकडे मात्र सकाळी अजून स्वेटर लागतो. माझं बरं चाललंय, डावा गुडघा सोडला तर. परसातला रुबार्ब यंदा नुसता माजलाय, पण कापायला हात उचलत नाही. डॉक्टर म्हणतात, रोज चाला. चालून जायचं कुठे, ते काही सांगत नाहीत.

दर रविवारी आपण फोनवर बोलतो, मग ही म्हातारी पत्र कशाला लिहायला बसली, असं तुला वाटेल. गेल्या रविवारी तू फोन केलास तेव्हा मी दमलेय म्हणून लवकर ठेवला, आठवतं? दमले होते हे खरंच. पण बोलले असते तर अर्ध्यावर गप्प झाले असते, आणि तू नेहमीसारखी म्हणाली असतीस, "जाऊ दे गं आत्या, पडून राहा जरा." मग मी पडून राहिले असते. कागदाचं बरं असतं, तो मध्ये बोलत नाही.

गेल्या शुक्रवारी मी ऑरिनला घेऊन फोर्ट मेरिटला गेले होते. तुझ्या बाबाला. अस्थींचा डबा मार्चपासून माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. त्याने कधी तोंडाने सांगितलं नाही, पण त्याला कुठे जायचं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. गावाच्या वरच्या टेकडीवर माजी सैनिकांची दफनभूमी आहे, तिथे. डबा शेजारच्या सीटवर ठेवला तर गाडी किंचाळायला लागली, पट्टा लावा म्हणून. जन्मात कधी पट्टा लावला नाही या माणसाने. शेवटी मी लावला.

तीन तासांचा रस्ता. सकाळी साडेदहाला पोचले, पण टेकडीवर जायला पाय निघेना, म्हणून आधी खाली गावात थांबले. तू नऊ वर्षांची असताना आलीस त्यानंतर काही फारसं बदललेलं नाही. तेच लाकडी फुटपाथ, तीच खोट्या दर्शनी भिंतींची दुकानं, आणि अकरा वाजता भर रस्त्यात पर्यटकांसाठी तीच गोळीबाराची लुटूपुटूची लढाई. तुझा बाबा नऊ उन्हाळे त्यात दरोडेखोर झाला. दिवसातून दोनदा दाणागोट्याच्या दुकानाच्या छपरावरून गवताच्या गाडीत पडायचा. तू तेव्हा गर्दीत किंचाळून रडली होतीस, आणि तो मेलेला असतानाच एक डोळा उघडून तुझ्याकडे बघून हसला होता. मालकाने त्यावरून त्याला झापलं होतं.

क्लेट, त्या खेळातला जुना शेरीफ, आता तिकीट खिडकीवर बसतो. मला बघून बाहेर आला.

"व्हर्ना! काय सांगू तुला, ऑरिन गेल्यापासून आमच्याकडे धड मरणारा माणूस नाही. आताचा गडी पडायच्या आधी खाली वाकून गादी तपासतो. लोक हसतात!"

"ऑरिन गाडीत बसलाय," मी म्हटलं.

क्लेटने टोपी काढली, गाडीपर्यंत आला, काचेतून डब्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आता तरी उठू नकोस रे बाबा." मग डोळे पुसत परत खिडकीवर गेला. मला हसूही आलं आणि जिवाला बरंही वाटलं. पण बारा वाजले, तेव्हा मात्र टेकडीवर जाणं भाग होतं.

सोमवारी मेमोरियल डे, त्यामुळे वर झेंडे लावायचं काम चाललं होतं. तू ते कधी पाहिलेलं नाहीस. थडग्याच्या दगडाला पाठ लावून उभं राहायचं, बुटाची टाच दगडाला टेकवायची, आणि बोटं संपतात तिथे छोटा झेंडा रोवायचा. एक बूट अंतर, ना कमी ना जास्त, म्हणजे सगळी रांग दोरीत दिसते. तुझा बाबा दरवर्षी हे काम करायचा. सव्वीस वर्षं. हेही तुला माहीत नसणार. मीच सांगितलं नाही, तर तुला कुठून कळणार?

ऑफिसात टॉलिव्हर म्हणून एक साठीचे गृहस्थ होते. मी नाव सांगितलं तसे उठून उभे राहिले.

"झेंडेवाला ऑरिन? गेला? अहो, यंदा दिसला नाही म्हणून आम्ही सकाळपासून विचारतोय!" मग खाली बसत म्हणाले, "मी त्याला कितीदा म्हटलं, तूही शिपाई ना, जागेचा अर्ज करून ठेव. हसायचा फक्त. मला वाटायचं, लाजतोय."

त्यांनी माझं लायसन्स मागितलं आणि त्याचा लष्करातून सुटल्याचा कागद मागितला. मी त्याच्या ट्रंकेत सापडलेलं जाड पाकीट पुढे केलं. चिकटवलेलं होतं, तसंच. मार्नी, मी ते फोडलं नव्हतं. आत काय आहे हे न बघायची मला इतकी वर्षांची सवय होती की फोडायला हवं हेदेखील सुचलं नाही. वाटलं होतं, पन्नास वर्षांनी कोण बघतंय. एक वर्ष व्हिएतनामच्या चिखलात काढलेला माणूस, त्याला हातभर जागा कोण नाकारणार?

टॉलिव्हरनी कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढला.

"बाई, यावर 'अवांछित' असा शेरा आहे. पाच महिने विनापरवाना गैरहजर. या कागदावर मला त्याला इथे घेता येत नाही हो." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "सव्वीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर झेंडे लावत होता."

पाकिटातून आणखी काहीतरी घसरलं. निळा, घडीवर फाटत आलेला कागद. त्यांनी उघडून पाहिला आणि विचारलं, "ही व्हर्ना कोण?"

मी म्हटलं, "आमची एक नातेवाईक."

माझं लायसन्स त्यांच्यापुढे टेबलावर पडलं होतं, त्यावर नाव ठसठशीत. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळे कागद माझ्याकडे सरकवले. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई मी, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी. लाज वाटली गं.

आता ते निळं पत्र. ते सोबत पाठवतेय, तरी इथेही लिहिते, म्हणजे मला पळवाट राहणार नाही. ११ एप्रिल १९७०. "ऑरिन, आईचं काही खरं नाही. डॉक्टरांनी हात टेकलेत. आठवडा काढेल असं वाटत नाही. भेटायचं असेल तर आत्ताच्या आत्ता ये. व्हर्ना."

आईला काहीही झालेलं नव्हतं. म्हणजे अर्धांगवायू होता, तो तीन वर्षांपासूनचाच. ती तीन वर्षं मी एकटीने काढली होती. तिला उचलणं, धुणं, भरवणं, मेंढ्या, बर्फ. जीव नुसता मेटाकुटीला आला होता. आणि लेलंडने, तुझ्या आतोबांनी, सू फॉल्सहून कळवलं होतं की नोकरी लागली, घर बघितलंय, आता येतेस की नाही ते एकदाचं सांग. मी पंचवीस वर्षांची होते. ऑरिन व्हिएतनामहून परतला होता, जॉर्जियाच्या छावणीत त्याचे सात महिने उरले होते. सात महिने थांबले असते तर काय बिघडलं असतं? हे मी रोज स्वतःला विचारते, आणि उत्तर रोज एकच येतं.

त्याने साहेबाकडे रजा मागितली. असं असलं की लष्कर रेड क्रॉसकडून खात्री करून घेतं. त्यांनी आमच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर खरं तेच बोलले, की बाई आहे तशी आहे, मरणाबिरणाचं काही नाही. रजा नाकारली. तुझ्या बाबापुढे दोन गोष्टी होत्या, डॉक्टरांचा शब्द आणि बहिणीचं पत्र. तो त्याच रात्री बसमध्ये बसला.

तिसऱ्या दिवशी घरात आला तेव्हा आई स्वयंपाकघरात एका हाताने घेवडे निवडत बसली होती. "अरे, सुट्टी मिळाली?" म्हणाली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत राहिले. "मिळाली, आई," तो म्हणाला आणि तिच्यासमोर बसून घेवडे निवडायला लागला. संध्याकाळी गोठ्यात मला एवढंच विचारलं, "बस कधीची आहे तुझी?"

मी गुरुवारच्या बसने गेले. तो परत फिरला असता तर थोडक्यात सुटला असता, हे तेव्हाही मला कळत होतं. पण आईला एकटं टाकून जाणार कसा? त्याने तिला सप्टेंबरपर्यंत सांभाळलं. ती खरोखरच गेली तेव्हा शेजारी तो होता, मी नव्हते. तिचं दफन उरकलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायाने शेरीफच्या ऑफिसात जाऊन उभा राहिला. तुझ्या आईने तुला सांगितलं की त्याला पकडून नेलं. कोणीही पकडलं नव्हतं.

अजून एक आहे. हे लिहायचं माझ्या अगदी जिवावर आलंय. चौकशी चालू असताना त्याने मला कार्ड टाकलं होतं, एकाच ओळीचं. "तुझं पत्र दाखवू का?" नवं घर, नवं सासर, लेलंडचे वडील चर्चचे कारभारी. मी उत्तर दिलं नाही. त्याने माझं गप्प बसणं हेच उत्तर धरलं, आणि पत्र पाकिटात घालून पाकीट चिकटवून टाकलं. त्यानंतर अट्ठेचाळीस वर्षं आम्ही एका टेबलावर नाताळचं जेवलो, पण त्याने तो विषय काढला नाही. एकदा रागावला असता तर बरं झालं असतं.

आणि तू वीस वर्षांची असताना मला विचारलंस, "आत्या, बाबा का पळाला?" मी म्हटलं, "त्यालाच विचार." किती शहाणपणाचं वाटलं होतं मला ते उत्तर! तू त्याला विचारलंस, त्याने खांदे उडवले, आणि तू त्याच्याशी बोलणं टाकलंस. मार्चमध्ये फोनवर म्हणालीस, "पळपुट्याच्या मातीला मी येणार नाही." मी तेव्हाही मूग गिळून बसले. चर्चच्या बायकांनी हॉटडिश आणली होती, ती वाढत फिरले.

तर, शुक्रवारी मी ऑफिसातून बाहेर आले आणि गाडीत न बसता झेंडे लावणाऱ्यांत जाऊन उभी राहिले. म्हटलं, त्याची रांग कोणी तरी लावायला हवी. एकाने जुडी हातात दिली. टाच टेकवायची, झेंडा रोवायचा, गुडघ्याच्या नावाने कण्हायचं आणि पुढच्या दगडाकडे जायचं. अर्धी रांग झाली आणि मागून एक म्हातारा आला, माझा एकेक झेंडा उपटून बोटभर पुढे लावू लागला.

"रागावू नका हं," म्हणाला, "तुमचा पाय लहान आहे. ही रांग नेहमी ऑरिनच्या बुटाची असते."

तिथेच बसले मी गवतात. उठायला त्या म्हाताऱ्याने हात दिला. मग मी परत ऑफिसात गेले आणि टॉलिव्हरना म्हटलं, "व्हर्ना मीच."

"माहीत आहे बाई," ते म्हणाले. "बसा. कॉफी घ्या."

त्यांनी नीट समजावलं. असे शेरे बदलून देणारं एक मंडळ असतं. माणूस गेल्यावरही अर्ज चालतो, पण मुलं असतील तर त्यांनी केलेला बरा, बहिणीचं तिथे फार चालत नाही. आणि पुरावा लागतो. पुरावा म्हणजे हे निळं पत्र, आणि शपथेवर माझा जबाब. जबाब मी मंगळवारी दिला, इथल्या बँकेत, शिक्का मारणारी बाई आमच्याच चर्चमधली. सगळं वाचलं तिने. आतापर्यंत गावभर झालं असेल. होऊ दे.

पाकिटात तुला सगळं मिळेल. त्याचा कागद, माझा जबाब, त्याचं कार्ड नाही कारण ते मी तेव्हाच चुलीत घातलं, तेही जबाबात लिहिलंय. निळ्या पत्राची मी प्रत काढलेली नाही. ते तुझ्या हातात असू दे. फाडलंस तर तो इथेच खिडकीत राहील, आणि मी कोणाला काही म्हणू शकणार नाही. अर्जावर खाली पिवळी खूण केलीय, तिथे तुझी सही हवी.

त्याच्यावर माया कर असं सांगायचा हक्क मला नाही. ती तुझ्याकडून मीच हिरावून घेतली आणि वर तेवीस वर्षं तुझे रविवार खाल्ले. ते फोन त्याचे होते.

या रविवारी फोन आला नाही तर मी समजून घेईन. पुढच्याही. सही मात्र कर, पोरी.

तुझ्या बाबाची बहीण,
व्हर्ना