टाचणी काढल्यावर

पुणे, २२ जून १९३९

चि. तोताराम यास अक्काचे आशीर्वाद. कुंदाबाईला सांग, तुमची सुगंधा पोटभर जेवते आणि तिला कॉलेजात जागा मिळाली.

कशी मिळाली, ते तू एकटाच वाच. सोमवारी कारकुनाने अर्ज घेतला, त्याला टाचलेली फीमाफीची विनंती पाहिली आणि म्हणाला, "जागा भरल्या, बाई." रांगेत आमच्या मागच्या मुलीला गुण कमी, पण वडील पूर्ण फी भरणारे. तिच्यासाठी जागा होती!

मंगळवारी मी टाचणी काढली, विनंती पिशवीत टाकली आणि तोच अर्ज त्याच माणसापुढे सरकवला.

"वा, गुण उत्तम! कालच का नाही आलात?"

"आले होते. कालही गुण हेच होते."

त्याने अर्जावर शिक्का मारला.

तीस वर्षे मी शाळेत पोरींना सांगितले, गरिबी लपवू नका. लपवाछपवीबद्दल कॉन्व्हेंटात मी स्वतः छड्या खाल्ल्या आहेत. आता सुगंधा विचारते, "आत्या, ती विनंती परत कधी द्यायची?" काय सांगू? दोन दिवस एका जागी बसवत नाही.

फीसाठी केळीचा बाग घाईने व्यापाऱ्याला देऊ नकोस. मी इथेच राहून शिकवणी धरली आहे, त्या मागच्याच मुलीची. तिचे इंग्रजी फार कच्चे आहे, आणि वडील इथेही पूर्ण फी देतात.

गुडघा कसा आहे ते खरे कळव. लपवू नकोस.

तुझी,
अक्का