आईच्या खोलीची ठेव

बेंडिगो, ४ मे २०२१

चि. कॉलिन यास ग्लेनिसताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पैसे पोचले आणि आईला वृद्धनिवासात बागेकडची खोली मिळाली. ठेव तिच्याच नावाने भरली. शेजारची बाई घोरते म्हणून कुरकुर चालू आहे, म्हणजे तब्येत ठीक आहे.

आईच्या ठेवीसाठी इथला निवृत्तीचा फंड काढलास, तो अमेरिकेच्या करविवरणात दाखवायचा का, असं विचारतोस. अरे, तिकडे जाण्याआधी इथे राबून साठवलेले पैसे ते. साठी उलटली की त्यावर कर नाही, विवरणात कोणी लिहीतसुद्धा नाही. तुझ्या मेव्हण्याने, ट्रेव्हरने, काढला तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. तिकडे जाऊन फारच भित्रा झालास तू. उगाच लिहून झंझट ओढवून घेऊ नकोस. जोन वहिनीला सांग, आम्ही आलो की तुमची मागची खोली आमची.

लोभ आहेच, तो वाढव.
ग्लेनिस

स्पोकॅन, १८ फेब्रुवारी २०२४

ती. ग्लेनिसताईस कॉलिनचा सा. न. वि. वि.

आई गेल्यापासून लिहायला हात उचलत नव्हता. आज गरजेने लिहितोय. इथल्या करखात्याने त्या फंडाचं विचारलं. मी अमेरिकेचा नागरिक. पैसा कुठल्याही देशात मिळो, दाखवायलाच हवा होता. तिकडे कर नसला तरी इथे आहे. आता कर, वर व्याज, वर दंड. सल्लागाराने विचारलं, दाखवू नका असं कोणी सांगितलं? मी म्हणालो, बहिणीने. तो हसला. मला हसू आलं नाही.

घर विकायची वेळ आलीय. जोन रोज दलालांना घर दाखवते. निवासाने आईची ठेव परत केली असेल ना? सगळी नको, कराएवढी पाठव. घर वाचेल.

आजवर पुरला तसा तुझा लोभ आताही पुरावा.
कॉलिन

बेंडिगो, ९ मार्च २०२४

चि. कॉलिन यास अ. आ.

ठेव आईच्या नावावर होती आणि मृत्युपत्रात तिने सगळं मला दिलं. त्यातून आम्ही कॅराव्हॅन, गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेतली. तुला सांगायचं राहून गेलं.

रागावशील. रागाव. निवासात जाईपर्यंत नऊ वर्षं मी तिला न्हाऊ घातलं. तुझा रविवारी फोन यायचा, आणि माझ्या हातचा चहा पीत ती आठवडाभर तुझंच कौतुक करायची. मी काही करसल्लागार नाही. एवढ्या मोठ्या माणसाने बहिणीला विचारून विवरण भरावं का? ट्रेव्हर म्हणाला, थोडे पाठवू. मी नको म्हटलं. एकदा तरी मला काही मिळू दे.

लोभ ठेवायचा की नाही, तू ठरव.
ग्लेनिस

स्पोकॅन, ३० जून २०२४

श्रीमती ग्लेनिस यांस, स. न. वि. वि.

घर गेलं, कर भरला. दोन खोल्या भाड्याने घेतल्यात. तुम्ही आईचं केलंत ते खरंच आहे. त्यासाठी ती ठेव मागितली असतीत, तर मी तेव्हाच सगळी दिली असती.

आवरताना जोनने मागच्या खोलीतल्या चादरींचं विचारलं. तुम्ही दोघं येणार म्हणून तिने नव्या आणून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, देऊन टाक कोणालाही.

कळावे.
कॉलिन