हरणीचा पाय

खडकवस्ती, ता. पाथर्डी
२४ फेब्रुवारी १९७३

ती. आक्कास, मच्छिंद्रचा शि. सा. न. वि. वि.

आई व मी ठीक. आपली घोडी हरणी ठीक नाही. तीन आठवड्यांपूर्वी ओढ्यातल्या दगडांवर घसरली आणि मागच्या उजव्या पायाला टांग्याचा दांडा लागला. जखम भरली, पण मधल्या सांध्याची सूज हटत नाही. टँकर फाट्यावरच थांबतो. तिथून अकरा घरांचं पाणी हरणीच ओढते. आई म्हणते, डाग दे. ४ मार्चला, अमावास्येच्या रविवारी, पुंजाराम सळई घेऊन येणार आहे. तू शाळेत मुलींना शरीरशास्त्र शिकवतेस, म्हणून विचारतो. उत्तराची वाट पाहतो.

तुझा, मच्छिंद्र

अहमदनगर
२६ फेब्रुवारी

चि. मच्छिंद्र यास अनेक आशीर्वाद.

तीन आठवडे गप्प बसून आता विचारतोस, याबद्दल भेटल्यावर बोलेन. डाग द्यायचा नाही. कातडी भाजून सूज जात नाही. पाथर्डीच्या गुरांच्या डॉक्टरांना आण. तोवर तिला जुंपू नकोस. उलट टपाली कळव: सांधा हाताला गरम लागतो का? बोटानं दाबलं तर खळगा राहतो का? सूज कुठून कुठपर्यंत आहे? ‘बरीच आहे’ असं लिहू नकोस, मोजून लिही.

आईस नमस्कार. तुझ्यावर माया आहे, म्हणून रागावते.

आक्का

खडकवस्ती
२८ फेब्रुवारी

ती. आक्कास शि. सा. न.

डॉक्टर सोमवारी येतो म्हणाले; पुंजाराम रविवारीच येणार. सांधा फारसा गरम नाही. दाबलं की मळलेल्या पिठासारखा खळगा राहतो. सूज खुरापासून सांध्याच्या चार बोटं वरपर्यंत आहे, तिथं एकदम थांबते. वरची मांडी नेहमीसारखी. तुझं पत्र ऐकून आई म्हणाली, कॉलेजात घोडी होती काय शिकायला. हसू नकोस. कालपासून हरणी तो पाय टेकतच नाही.

मच्छिंद्र

अहमदनगर
३ मार्च, शनिवार

चि. मच्छिंद्र यास आशीर्वाद.

टपालाला वेळ नाही, हे पत्र पाथर्डी एस.टी.च्या कंडक्टरकडे देते आहे. सूज अशी रेघ मारल्यासारखी थांबत नसते. वर काय बांधलं आहे? बाकी सगळं लिहिलंस, तेवढंच लिहिलं नाहीस. आपलं घर मला माहीत आहे. नाथाच्या नावाचा काळा दोरा असणार, आणि सूज उतरेपर्यंत तो तोडायचा नाही, असं ठरलेलं असणार. अरे, तोडल्याशिवाय सूज उतरेल कशी? पाय फुगला, दोरा तेवढाच राहिला. आत्ता काप. आईला भीत असशील तर हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव. रागवायचं ते माझ्यावर रागावू दे.

आक्का

खडकवस्ती
८ मार्च

चि. आक्काबाईस आईचा आशीर्वाद. हात मच्छिंद्रचा, बोल माझे.

तुजं पत्र ऐतवारी सकाळी आलं. पुंजारामाची सळई चुलीत लाल झाल्ती. मच्छिंद्र वाचत हुता न् माज्याकडं बघत हुता. दोरा मीच बांधलेला, त्यो काय हात लावतोय! इळा घेतला न् मीच कापला. केसाखाली कातड्यात रुतला हुता, रगत-पानी निघालं. हरणीनं लाथ न्हाई मारली. पुंजारामाला च्या पाजून वाटंला लावला. सोमवारी डाक्टरनं धुवून औशीद लावलं. म्हनला, आनखी चार दिसांनी पाय गेला असता. लई वंगाळ वाटलं.

सूज निम्मी उतरली. काल तिनं खूर टेकला. महिनाभर जुंपायची न्हाई, तवर पानी आमी डोईवर आनतो. मी बी आनते.

शाळंला सुट्टी लागली की ये. नाथाची माफी मागितली म्या. तुजी मागनार न्हाई.

आई